दस्तुरखुद्द कीं शिक्का?

कांहीं महिन्यांपूर्वीं सातारा जिल्ह्यांतील एक गृहस्थ मऊ फडक्यांत गुंडाळलेलें एक जुनें कार्ड घेऊन माझ्याकडे आले. आकार साधारण पोस्टकार्डाएवढा. एका बाजूस इंग्लंडचे राजे पांचवे जॉर्ज व राणी मेरी यांचीं छायाचित्रें. दुसऱ्या बाजूस नाताळाच्या शुभेच्छांच्या दोन-तीन ओळी व खालीं दोघांच्या सह्या. गृहस्थांचे पणजोबा खडकीच्या सॅपर्स-मायनर्स पलटणींत शिपाई होते, आणि १९१४ च्या हिंवाळ्यांत फ्रान्समधील खंदकांत हें कार्ड त्यांच्या हातीं आलें. राजानें स्वतःच्या हातानें सही करून तें पाठविलें, असें घरांत चार पिढ्या सांगत आल्या होत्या. दर दसऱ्याला पणजोबांच्या पदकांबरोबर त्या कार्डाचीही पूजा होत असे. आतां घरांतील मुलीच्या पुढील शिक्षणाचा खर्च उभा राहिला होता, आणि कोणीतरी या गृहस्थांस सांगितलें होतें कीं, राजाच्या हातची सही लाखाला जाईल. "विकायचें मनांत नव्हतें, पण वेळच तशी आली. तुम्ही एकदां पाहा आणि खरें काय असेल तें सांगा," असें ते म्हणाले.

मीं कार्ड खिडकीशीं नेलें, तिरप्या उजेडांत धरलें, भिंगाखालीं पाहिलें. पांच मिनिटांत उत्तर मिळालें. पण तें त्यांना सांगावें कसें, या विचारांत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासांत ज्या गोष्टी मनांत येऊन गेल्या, त्याच आज आपणांपुढें मांडणार आहें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं एखाद्या पुढाऱ्याचें, गवयाचें, नटाचें किंवा संस्थानिकाचें सही असलेलें छायाचित्र भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशीं असेल. त्यावरची सही हातची कीं शिक्क्याची, हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. त्या माणसाचा हात या कागदाला खरोखर लागला होता काय, एवढेंच आपल्याला जाणून घ्यायचें असतें.

आपल्या जुन्या दप्तरांत हा प्रश्न पुष्कळ अंशीं आधींच सोडवून ठेविलेला आढळतो. मोडी कागद चाळणाऱ्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखतां याव्या लागतात. पहिली 'दस्तुरखुद्द', म्हणजे स्वतःच्या हातचें अक्षर. दुसरी 'बिकलम', म्हणजे मजकूर एकाचा, पण लेखणी दुसऱ्याची. आणि ती कोणाची हें कागदावर नमूद केलेलें. तिसरी शिक्कामोर्तब. शिवछत्रपतींचीं राजपत्रें कारकुनांच्या हातचीं आहेत. त्यांना अधिकार येतो तो माथ्यावरील अष्टकोनी मुद्रेनें, आणि मजकुराची सीमा ठरते ती अखेरच्या मोर्तबानें; त्यापुढें कोणी एक अक्षर वाढवूं नये म्हणून ही तजवीज. ज्याला लिहितां येत नसे असा पाटील महजरावर नांगराची निशाणी करी. नांगर काढणारा हात पाटलाचाच असेल असें नाहीं, पण निशाणी पाटलाची हें सर्वांस ठाऊक असे. म्हणजे शिक्का असणें हें कमीपणाचें नव्हतें, आणि फसवणूक तर नव्हतेंच. शिक्का हा अधिकाराचा पुरावा, अक्षर हा उपस्थितीचा पुरावा, आणि दोहोंची गल्लत होऊं नये म्हणून शब्दही निरनिराळे ठेविलेले होते.

ही गल्लत झाली म्हणजे काय होतें, हें इंग्लंडच्या इतिहासांत एका मोठ्या प्रसंगानें दाखवून दिलें आहे. आठवा हेन्री राजा शेवटच्या दिवसांत आजारानें थकला होता. प्रत्येक कागदावर सही करणें त्याला नकोसें झालें. १५४५ सालीं त्यानें आपल्या विश्वासांतील तिघांना एक कोरडा शिक्का वापरण्याची परवानगी दिली. हा शिक्का शाईशिवाय कागदावर दाबीत. राजाच्या सहीचा नुसता उठाव कागदावर उमटे. मग विल्यम क्लार्क नांवाचा कारकून त्या खांचेंतून काळजीपूर्वक शाई फिरवी. म्हणजे आकार राजाचा, शाई कारकुनाची! अशा रीतीनें जे कागद निघत त्यांची यादी महिन्याच्या महिन्याला राजापुढें ठेवण्यांत येई. ही यादी या व्यवस्थेचा कणा होती.

हेन्रीच्या मृत्युपत्रावर ३० डिसेंबर १५४६ ही तारीख आहे. आपल्या मुलांचा वंश खुंटल्यास गादी कोणाकडे जावी हें त्यांत ठरविलेलें असून, वडील बहिणीचा स्कॉटलंडमधील वंश त्यानें वगळलेला होता. पार्लमेंटच्या कायद्याप्रमाणें अशा मृत्युपत्रावर राजाच्या स्वहस्ताची सही असणें आवश्यक होतें. आणि त्या मृत्युपत्राची नोंद तर कोरड्या शिक्क्याच्या यादींत सांपडते! पुढें एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या पक्षानें याच मुद्द्यावर बोट ठेविलें. सही हातची नाहीं, तेव्हां मृत्युपत्र रद्द, आणि मेरीचा हक्क कायम, असा त्यांचा युक्तिवाद होता. एका सहीवर एका राज्याचा वारसा लोंबकळत राहिला. इतिहासकारांचें त्या सहीविषयीं अद्यापिही एकमत नाहीं.

नॉरफोकच्या ड्यूकचें प्रकरण याहून चटकदार आहे. त्याला देहान्त शिक्षा देणाऱ्या कायद्यास राजाची संमति मिळाली ती २७ जानेवारी १५४७ रोजीं, याच शिक्क्यानें. दुसऱ्याच दिवशीं पहांटे राजा वारला आणि ड्यूकची मान वांचली. पुढें १५५३ सालीं मेरी ट्यूडर गादीवर आल्यावर पार्लमेंटनें तो कायदाच मुळापासून रद्द ठरविला. आणि त्याच्या कारणांत, संमतिपत्रावर राजानें आपल्या हातानें सही केली नव्हती, हें एक कारण होतें. कारकुनाची शाई आणि राजाचा हात यांतील अंतर किती महत्त्वाचें असूं शकतें, हें त्या म्हाताऱ्या ड्यूकइतकें कोणालाच उमगलें नसेल.

आतां राजदरबारांतून निघून आपण छायाचित्रांकडे वळूं. कारण सहीचा मोह राजवाड्यांतून सामान्यांच्या दिवाणखान्यांत आणला तो छायाचित्रानें. १८५४ सालीं पॅरिसच्या दिस्देरी नांवाच्या छायाचित्रकारानें एकाच कांचेवर अनेक लहान चित्रें घेण्याची युक्ति पेटंट केली. भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं हीं चित्रें स्वस्त पडूं लागलीं. १८६० सालीं लंडनच्या मेयॉलनें व्हिक्टोरिया राणी व तिचें कुटुंब यांचीं अशीं चित्रें विक्रीस काढलीं, आणि राणी घरोघरच्या आल्बमांत जाऊन बसली. चेहरा घरीं आल्यावर त्या चेहऱ्याची सही हवी असें वाटणें ओघानेंच आलें. एक हात आणि मागणारे हजारों, हा तिढा तेव्हांपासूनचा आहे.

तो सोडविण्याचें एक साधन त्याच सुमारास हातीं आलें. चार्ल्स गुडइयरनें गंधकाच्या साह्यानें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट १८४४ सालीं घेतलें, आणि १८६० च्या दशकांत रबरी शिक्के कचेऱ्यांतून दिसूं लागले. सहीच्या शिक्क्याला नेहमींच गर्दी हें कारण असतें असेंही नाहीं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या उजव्या हाताला १८५७ सालीं आगगाडीच्या अपघातांत दुखापत झाली होती; लिहिणें कष्टाचें झाल्यामुळें ते पुष्कळ कागदांवर सहीचा शिक्काच वापरीत. त्यांची हातची सही त्यामुळें दुर्मिळ झाली आहे.

यानंतर पहिलें महायुद्ध आलें. १९१४ च्या नाताळांत राजाराणींच्या छायाचित्रांचें कार्ड आघाडीवरील शिपायांना व नौसैनिकांना वाटण्यांत आलें. राजाच्या अक्षरांतील मजकूर व सह्या यांची हुबेहूब छापील प्रतिकृति त्याच्या पाठीवर होती. फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी सैन्यापर्यंतही तें कार्ड पोंचलें. खडकीच्या सॅपर्सच्या विसाव्या व एकविसाव्या तुकड्यांनीं २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यांत भयंकर प्राणहानि सोसली होती; त्या तुकड्यांत मराठे शिपाई होते. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं, चिखलानें भरलेल्या खंदकांत, हें कार्ड हातीं पडलें. ज्याला इंग्रजी वाचतां येत नाहीं त्या शिपायानें तें कपाळाला लावलें असेल आणि राजाचें अक्षर म्हणून जपून घरीं नेलें असेल, तर त्यांत नवल तें काय? राजानें कोणाला फसविलें नव्हतें. लाखों सह्या एक माणूस करूं शकत नाहीं, हें पाठविणाऱ्यांस ठाऊक होतें; तें घेणाऱ्यास सांगण्याचें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत राजांची जागा चित्रपटांतील तारकांनीं घेतली. हॉलीवूडच्या कंपन्यांकडे चाहत्यांच्या पत्रांच्या गोणीच्या गोणी येऊं लागल्या आणि त्यांना उत्तरें देण्यासाठीं स्वतंत्र खातीं उघडलीं गेलीं. कांहीं छायाचित्रांवर शिक्का, कांहींवर छापील सही, आणि कांहींवर चिटणिसाच्या हातची. जीन हार्लो ही नटी १९३७ सालीं अवघ्या सव्विसाव्या वर्षीं वारली. तिच्या नांवानें आज जीं सही केलेलीं छायाचित्रें मिळतात, त्यांतील बहुतेकांवरील अक्षर तिच्या आईचें आहे. सही शाईची, टांकानें केलेली, अगदीं ताजी वाटणारी. फक्त हात दुसऱ्याचा! आपले मोडी कारकून असते तर त्यांनीं खालीं 'बिकलम मातोश्री' असें लिहून ठेविलें असतें.

मग ओळखावें कसें? नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां शब्दांनींच काम भागवितों. आपल्याजवळ एक चांगलें भिंग, एक दिवा आणि पुष्कळशी सबुरी, एवढें असलें म्हणजे पुरे.

पहिली परीक्षा उजेडाची. छायाचित्र डोळ्यांच्या रेषेंत आडवें धरावें आणि दिव्याचा प्रकाश त्यावरून घसरत जाईल असें करावें. जुन्या गुळगुळीत छायाचित्राच्या पृष्ठभागावर सरसाचा तकतकीत थर असतो. हातची सही त्या थराच्या वर बसलेली असते. त्यामुळें शाईच्या जागीं चकाकी तुटते, कधीं शाई निराळीच चमकते, कधीं टांकाच्या दाबानें उमटलेली बारीक चर दिसते. सहीच्या रेघांवरूनही चकाकी अखंड वाहत गेली, तर ती सही थराच्या आंत आहे, म्हणजे छायाचित्राबरोबरच उमटलेली आहे. छायाचित्रकार निगेटिव्हवर काळ्या शाईनें नांव लिही, तें कागदावर पांढरें उमटे. आणि एखाद्या सही केलेल्या प्रतीचेंच पुन्हा छायाचित्र घेतलें, तर त्यावरची काळी सही ही सही नसून सहीचें छायाचित्र असतें.

दुसरी परीक्षा भिंगाची. सहीची रेघ भिंगाखालीं बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती मासिकांतील चित्रांप्रमाणें छापलेली आहे. तेथें पुढचा विचारच नको. मात्र ठिपके नसले म्हणजे हातची झाली असें समजूं नये. शिळाप्रेसवरील छपाईंत ठिपक्यांवांचूनही सही अखंड उमटते. १८९४ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यांतील पुष्कळ तसबिरींवर चित्रकाराची सही आहे. आणि ती चित्राबरोबर छापलेली असल्यामुळें प्रत्येक प्रतीवर तशीच आहे. आपल्या किती घरांतून ती 'हातची' म्हणून दाखविली जाते!

आतां रबरी शिक्का. त्याची खूण कांठाशीं असते. शिक्का कागदावर दाबला कीं शाई मधून निसटून कडेला सरकते. त्यामुळें रेघेचा कांठ गडद आणि मध्य फिका, कधीं ठिकठिकाणीं उडालेला दिसतो. रेघेची सुरुवात आणि शेवट बोथट असतात. जेथें दोन रेघा एकमेकींना छेदतात तेथें शाईचा रंग बदलत नाहीं. कारण शिक्क्याला रेघ रेघेवरून जाणें ठाऊक नाहीं, सगळें एकाच क्षणीं उमटतें. कधीं कधीं शिक्क्याच्या चौकटीची पुसट कडही शेजारीं सांपडते.

हातच्या सहीला मात्र वेळ लागलेला असतो, आणि तो वेळ कागदावर दिसतो. टांक टेंकण्यापूर्वींच हात फिरूं लागलेला असतो, म्हणून पहिली रेघ बारीक टोंकानें सुरू होते; शेवटची हवेंत निसटते. पोलादी टांकाची जीभ दोन भागांची असते. खालीं येणाऱ्या रेघेंत दाब वाढला कीं ते दोन भाग फांकतात आणि रेघेच्या दोन्ही कडांना दोन सूक्ष्म चऱ्या पडतात. वळणावर शाई साठते, छेदावर ती गडद होते, मध्येंच टांक कोरडा पडून रेघ फिकी होते, पुन्हा दौतींत बुडविल्यावर एकदम दाट होते. लिहिणाऱ्याचा श्वास जणूं त्या रेघेंत सांपडतो.

तिसरी परीक्षा काळाची. बॉलपेनचें पेटंट लाझ्लो बिरोनें १९३८ सालीं घेतलें, आणि अमेरिकेंतील दुकानांत तें पेन १९४५ च्या अखेरीस विक्रीस आलें. लोकमान्य टिळक १९२० सालीं वारले, गोखले १९१५ सालीं. त्यांच्या छायाचित्रावर बॉलपेनची सही दिसली, तर भिंग काढण्याचेंही कारण नाहीं. छायाचित्राच्या कागदाचीही साक्ष काढतां येते. सुमारें १९५० नंतरच्या कागदांत शुभ्रता वाढविणारीं द्रव्यें घालूं लागले. अशा कागदावर अंधारांत जांभळ्या-पलीकडील किरणांचा दिवा धरला तर तो निळसर चमकतो. त्यापूर्वींचा कागद मंद राहतो. चमकणाऱ्या कागदावर १९३० सालची सही असूं शकत नाहीं.

चौथी परीक्षा जुळणीची, आणि हिची कथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील न्यू बेडफर्ड गांवीं सिल्व्हिया हाउलंड नांवाची श्रीमंत स्त्री १८६५ सालीं वारली. तिची भाची हेटी रॉबिन्सन हिनें एक निराळें मृत्युपत्र पुढें केलें. त्याला जोडलेल्या पुरवणीवर मावशीची सही होती. ती सही मूळ मृत्युपत्रावरील सहीशीं केंसभरही चुकत नव्हती. कोर्टांत हार्वर्डचे गणिती बेंजामिन पिअर्स व त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांना बोलाविलें. चार्ल्सनीं मावशीच्या ४२ खऱ्या सह्या घेतल्या, दोन-दोन एकमेकींवर ठेवून ८६१ जोड्या तपासल्या, आणि प्रत्येक सहींतील ३० उभ्या रेघा किती वेळां जुळतात तें मोजलें. त्यावरून वडिलांनीं साक्ष दिली कीं, सर्व तीसही रेघा आपोआप जुळण्याचा संभव २,६६६ कोटी कोटींच्याही कित्येक पटींत एक आहे. निकाल १८६८ सालीं दुसऱ्याच एका कायदेशीर मुद्द्यावर भाचीच्या विरुद्ध लागला; पण एक तत्त्व त्या खटल्यानें सर्वांच्या मनांत ठसविलें. तें हें कीं, माणूस आपली स्वतःची सही दोनदां तंतोतंत सारखी करूं शकत नाहीं. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या असतां अगदीं एकरूप झाल्या, तर त्यांतील निदान एक तरी हातची नव्हे.

शिक्का आणि छपाई यांना पकडण्यास हें तत्त्व रामबाण आहे. यंत्रालाही तें लागू पडतें. १९४० च्या दशकांत अमेरिकेंत सह्या करणारें यंत्र वापरांत आलें. नमुन्याच्या खांचेंतून यंत्राचा हात फिरतो आणि खरें पेन खऱ्या शाईनें सही करतें. रेघेवर रेघ जाते, शाई गडद होते; उजेडाची व भिंगाची परीक्षा येथें सहज फसते. पण दाब आरंभापासून अंतापर्यंत सारखा, आरंभीं व शेवटीं शाईचा ठिपका, रेघेंत बारीकशी थरथर, आणि शेजारीं दुसरी प्रत ठेवली कीं तंतोतंत तीच सही! राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या अशा यांत्रिक सह्यांचे नमुने गोळा करून चार्ल्स हॅमिल्टन या जाणकारानें १९६५ सालीं एक पुस्तकच लिहिलें.

परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे. सारखेपणा संशयास्पद, म्हणून वेगळेपणाही संशयास्पद, असें मानणें ही उलट दिशेची चूक होईल. १९०९ सालीं इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस जातांना गांधीजींनीं बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिलें. उजवा हात थकला तेव्हां त्यांनीं सुमारें चाळीस पृष्ठें डाव्या हातानें लिहिलीं. माणूस एक, हात दोन, आणि अक्षरें निराळीं! आजार, म्हातारपण, घाई, चालती गाडी, हीं सर्व सहींत उतरतात. ज्या सहीला वय नाहीं, थकवा नाहीं, तिच्याबद्दलच अधिक सावध असावें.

गांधीजींचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों. ते सहीसाठीं पांच रुपये घेत, आणि ते पैसे हरिजन निधींत जात. सही मागणाऱ्यांची रीघ लागलेली असे. शिक्का केला असता तर निधीला तोटा झाला नसता, उलट वेळ वांचला असता, असें हिशेबी माणूस म्हणेल. पण त्या पांच रुपयांचा मोबदला एका थकलेल्या हाताचे दोन क्षण हाच होता. देणाऱ्यानें कांहीं दिलें, घेणाऱ्यानेंही कांहीं दिलें. हातच्या सहीचें मोल असतें तें याच देवघेवींत.

राहतां राहिली चिटणिसाच्या किंवा आईच्या हातची सही. ही सर्वांत कठीण. उजेड, भिंग, काळ, जुळणी, या चारही परीक्षांना ती उतरते, कारण ती खरोखरच हातची असते. येथें उपाय एकच. त्या व्यक्तीच्या हातचीं म्हणून निर्विवाद असलेलीं पत्रें, करारनामे किंवा खाजगी टिपणें शोधून त्यांतील वळणांशीं ही सही ताडून पाहावयाची. आणि छायाचित्र कोणी, कोठें, केव्हां, कोणाच्या समक्ष मिळविलें याची हकीकत मिळवावयाची. टपालानें आलेल्या सहीपेक्षां समोर उभें राहून घेतलेल्या सहीवर जाणते लोक अधिक विश्वास ठेवतात, तें यासाठींच.

आतां पुन्हा त्या कार्डाकडे येऊं. तिरप्या उजेडांत त्याच्या सह्यांना चर दिसली नाहीं. भिंगाखालीं शाई सगळीकडे सारखी होती. छेदावर गडद नव्हती, वळणावर सांठलेली नव्हती. खात्रीसाठीं मीं त्याच नाताळाच्या दुसऱ्या एका कार्डाची मापून काढलेली प्रतिकृति शेजारीं ठेवली. अक्षर अक्षरावर बसलें. मावशी हाउलंडच्या खटल्याला यापुढें जागा नव्हती.

मीं त्या गृहस्थांस सर्व सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे खोटेंच कीं हो हें! आणि आमच्या घरांत शंभर वर्षें याला गंध लावलें." मीं म्हटलें, "खोटें कसें? कार्ड खरें आहे. राजाच्या आज्ञेनें निघालें, फ्रान्सच्या खंदकांत पोंचलें, तुमच्या पणजोबांच्या हातांत पडलें, हें सगळें खरें आहे. फक्त सही शिक्क्याच्या जातीची आहे. तिला हातची म्हणून विकलें, तर मात्र त्या क्षणापासून तें खोटें होईल." त्यांना हें पटलें, पण माणसाचा चेहरा पडला तो पडलाच. मुलीच्या फीचा प्रश्न माझ्या भिंगानें सुटला नव्हता, आणि सुटला असें मी सांगणार नाहीं. दुसरी कांहीं तजवीज करूं, असें म्हणून ते उठले.

उठतां उठतां मीं त्यांना कार्डाचा कोपरा दाखविला. राजाराणींच्या छायाचित्राच्या कडेला कुंकवाचा एक जुना, तपकिरी पडलेला डाग होता. भिंगाखालीं त्यांत बोटाच्या रेषा अस्पष्ट दिसत होत्या. त्यांनीं पाहिलें आणि म्हणाले, "पणजी लावीत असे. तिच्यानंतर आजीनें फक्त फुलें वाहिलीं." सबंध कार्डावर माणसाच्या हातची अशी खूण ती एवढीच होती.

त्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून एक लहान चिठ्ठी लिहिली व ती कार्डाबरोबर पाकिटांत ठेविली. कार्ड कोणाला, कोठें व केव्हां मिळालें. सह्या छापील आहेत. कुंकू पणजींच्या हातचें. आणि ही माहिती कोणी, कोणत्या दिवशीं लिहिली, इतकाच तिच्यांतला मजकूर. हेन्री राजाच्या कारकुनांनीं ठेविलेली यादी आणि आपल्या मोडी लेखकांचें 'बिकलम' यांचें काम ही चिठ्ठी करील. श्रोतेहो, आपल्या घरच्या जुन्या छायाचित्रांबाबत माझी विनंति एवढीच आहे. सही हातची निघो कीं शिक्क्याची, जें कळलें तें मऊ पेन्सिलीनें वेगळ्या कागदावर लिहून त्या चित्राजवळ ठेवा. चित्रावर लिहूं नका. आणि घरांतील ज्या वृद्ध माणसाला त्या चित्राची हकीकत ठाऊक असेल, त्याला ती आजच विचारून घ्या. शाईची परीक्षा शंभर वर्षांनींही करतां येईल. ती हकीकत सांगणारें माणूस मात्र तेव्हां विचारायला सांपडणार नाहीं.